बोगद्यातली धडधड

नाशिकरोडच्या जेल रोड भागातून एका ३६ वर्षांच्या वाचकांचे पत्र आले आहे. ते मुंबईतील एका कंपनीत नोकरीला आहेत आणि आठवड्यातून ३ दिवस पंचवटी एक्सप्रेसने पासधारकांच्या डब्यातून ये-जा करीत असत. गेल्या वर्षी त्यांचे वडील हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेले. त्यानंतर सुमारे २ महिन्यांनी, इगतपुरी सोडून गाडी कसारा घाटातल्या बोगद्यात शिरली असता, त्यांच्या छातीत एकाएकी धडधडू लागले, दरदरून घाम फुटला, बोटांना आणि ओठांना मुंग्या आल्या आणि ‘आता आपण बाबांसारखेच जाणार’ असे वाटले. कल्याणला उतरून त्यांनी दवाखाना गाठला. ईसीजी दोनदा झाला, टू-डी इको आणि ट्रेडमिलवरची तपासणीही झाली, सगळे नॉर्मल आले. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढे सांगून त्यांना घरी पाठवण्यात आले. त्यानंतर असे झटके अनेकदा आले. आता त्यांनी गाडी सोडली आहे, लिफ्ट टाळतात, उड्डाणपुलावर गाडी अडकली तर घाबरतात. एका मित्राने दिलेली अल्प्राझोलामची गोळी ते ३ महिने रोज रात्री घेत आहेत. आईने दोनदा दृष्ट काढली. पुढच्या महिन्यापासून कंपनीने हजेरी सक्तीची केली आहे. ते विचारतात: ‘हे नक्की हृदयाचे नाही ना? मी वेडा होणार नाही ना? आणि उपचार घेतलेच, तर जन्मभर गोळ्या खाव्या लागतील का?’

सप्रेम नमस्कार.

पत्रावरून निदान करू नये हा या सदराचा नियम आहे आणि तो मी आजही पाळणार आहे. परंतु तुम्ही जे लिहिले आहे ते इतके नेमके आहे, की कोणता विकार असण्याची शक्यता अधिक, त्याची ओळख कशी पटते आणि त्यावर इलाज काय, हे मला निःसंकोच सांगता येईल.

पहिला प्रश्न हृदयाचा, आणि तो तुम्ही विचारलात हे योग्यच केले. वडील हृदयविकाराने गेले असतील तर मुलाने एकदा नीट तपासणी करून घेणे यात घाबरटपणा नाही. ती तपासणी तुमची झाली आहे. थायरॉइड, हिमोग्लोबिन, रक्तातील साखर आणि बी-१२ यांचा उल्लेख मात्र पत्रात नाही, तेव्हा त्याही करून घ्या, कारण थायरॉइड वाढलेला असला तर तोही अगदी अशीच धडधड आणि थरथर घडवतो. दिवसातून चहा किती होतो तेही मोजा, कारण कॅफीनही छाती धडधडवते. यापुढे चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब येऊन तो थांबल्यावर कमी होऊ लागला, दुखणे जबड्यात किंवा डाव्या हातात उतरले, किंवा खरोखर शुद्ध हरपली, तर ‘हे आपले नेहमीचेच’ असे समजून घरी बसू नका. अशी लक्षणे नसतील, तर तोच ईसीजी पुन्हा काढून तुमचे समाधान होणार नाही. झालेच तर ते जेमतेम दोन दिवस टिकेल.

ज्याला डॉक्टर ‘पॅनिक अटॅक’ म्हणतात त्याची ओळख अशी: भीतीची लाट एकाएकी उसळते, साधारणतः १० मिनिटांच्या आत शिगेला पोहोचते आणि मग आपोआप ओसरते. छातीतली धडधड, घाम, थरथर, श्वास कोंडणे, छातीत दुखणे, मळमळ, चक्कर, मुंग्या, अंगावर शहारा किंवा उष्णतेची झळ, सभोवतालचे सारे खोटे वाटणे, आपल्यावरचा ताबा सुटेल अशी भीती, मरणाची भीती. वैद्यकीय निकषांत अशी १३ लक्षणे दिलेली असून त्यांपैकी ४ किंवा अधिक एकदम आली तर तो पॅनिक अटॅक. एखादा अटॅक पुष्कळांना आयुष्यात कधी तरी येऊन जातो आणि तेवढ्यावरून विकार ठरत नाही. असे अटॅक पुन्हा पुन्हा, ध्यानीमनी नसताना येऊ लागले आणि ‘पुन्हा आला तर?’ ही धास्ती किंवा त्यापायी बदललेले वागणे निदान महिनाभर टिकले, तर त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. आणि जिथून चटकन बाहेर पडता येणार नाही अशा जागा, म्हणजे गाडी, लिफ्ट, गर्दी, पूल, माणूस एकामागून एक टाळू लागला की त्यालाही वेगळे नाव आहे: अ‍ॅगोराफोबिया. तुमच्या पत्रात दोन्हींच्या खुणा दिसतात.

ही काही आजकालच्या धावपळीची देणगी नव्हे. अमेरिकेतील यादवी युद्धातले तरणेताठे सैनिक धडधड, दम लागणे आणि छातीतले दुखणे घेऊन जेकब द कोस्टा या डॉक्टरांकडे येत. हृदयात तर दोष सापडेना. त्यांनी १८७१ साली ही लक्षणे नोंदवली आणि पुढे हा प्रकार ‘सैनिकाचे हृदय’ या नावाने ओळखला जाऊ लागला. पॅनिक डिसऑर्डरला स्वतंत्र निदान म्हणून मान्यता मिळायला १९८० साल उजाडले. तेव्हा तुम्हाला कोणी ‘काही नाही’ असे सांगितले असेल, तर त्याचा अर्थ ‘हृदयात काही नाही’ एवढाच घ्यावा. काहीच नाही, हे खरे नाही. या दोन शब्दांनी दवाखान्यातून परत पाठवलेली कितीतरी माणसे मी वर्षा-दोन वर्षांनी पाहिली आहेत, तोवर त्यांचे जग एका खोलीएवढे झालेले असते, आणि त्या दोन शब्दांचा मला अजून राग येतो.

आता त्या बोगद्यात नेमके काय घडले ते सावकाश पाहू, कारण उपचाराची सगळी किल्ली तिथेच आहे. गाडी अंधारात शिरली, हवा कोंदट झाली, डब्यात दाटी होती, रात्रीची झोप अपुरी झालेली असावी आणि वडिलांना जाऊन फार दिवस झाले नव्हते. छातीत एक ठोका जरा जोरात पडला. एरवी तुमच्या लक्षातही आला नसता असा. पण त्या दिवशी मनाने त्याचा अर्थ लावला: ‘बाबांना असेच झाले होते.’ हा अर्थ लागताक्षणी शरीराने संकटाची घंटा वाजवली, अ‍ॅड्रेनलीन सुटले, ठोके वाढले, श्वास भराभर चालू लागला. श्वास गरजेपेक्षा जास्त झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, डोके हलके होते. त्या मुंग्यांचाही अर्थ पुन्हा तोच लागला: ‘हा झटकाच.’ मग आणखी भीती आणि आणखी धडधड. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकचे हे चक्र मांडले. शरीरातल्या निरुपद्रवी हालचालीचा अनर्थकारी अर्थ लावणे हे त्याचे मूळ. म्हणजे तुमचे हृदय त्या वेळी बिघडलेले नव्हते, समोर वाघ असता तर त्याने जे करायला हवे होते ते बरोबर केले. वाघ तेवढा नव्हता.

चक्कर येऊन पडेन ही भीतीही यातच येते. शुद्ध हरपायला रक्तदाब खाली यावा लागतो, आणि पॅनिकमध्ये तो बहुधा वर जातो. रक्त किंवा इंजेक्शन पाहून भोवळ येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ‘वेडा होईन’ या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही याच जागी आहे: पॅनिक अटॅकमधून माणूस वेडा होत नाही. ताबा सुटेल अशी भीती हे त्या विकाराचे एक लक्षण आहे, भाकीत नव्हे.

विकार कशावर पोसला गेला, हे तुमच्याच पत्रात आहे. गाडी सोडल्यावर पहिल्या आठवड्यात बरे वाटले, असे तुम्ही लिहिता. वाटणारच. पण त्या बरे वाटण्यातून मेंदू एकच धडा शिकला, की गाडी धोक्याची होती आणि आपण वाचलो. मग लिफ्ट गेली, मग पूल गेला. जिथे टाळणे शक्य नव्हते तिथे तुम्ही आधार शोधलेत: हातात पाण्याची बाटली, शर्टाच्या खिशात अर्धी गोळी, बसायला दाराजवळची जागा, मनगटावरच्या घड्याळात दर दोन मिनिटांनी नाडीचा आकडा, आणि सौभाग्यवतींचा फोन सतत चालू. प्रत्येक वेळी काही झाले नाही, पण श्रेय बाटलीला मिळाले, गोळीला मिळाले. ‘काही होणारच नव्हते’ हे कळण्याची संधी तुमच्या मनाला मिळालीच नाही.

उपचार याच्या बरोबर उलट दिशेने जातात. चिंताविकारांवर सर्वाधिक अभ्यास झालेली पद्धत म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेव्हिअर थेरपी, सोप्या भाषेत सांगायचे तर विचार आणि वर्तन यांवर काम करणारी बोलण्याची उपचारपद्धती. पॅनिकसाठी साधारण १० ते १५ बैठका लागतात. पहिल्या काही बैठकांत वर सांगितलेले चक्र तुमच्या स्वतःच्या अनुभवांवरून कागदावर काढले जाते. मग शरीराच्या संवेदनांशी ओळख करून दिली जाते, आणि हा भाग लोकांना विचित्र वाटतो: तज्ज्ञ तुम्हाला एका जागी मिनिटभर पळायला सांगतील, खुर्चीत गरगर फिरायला सांगतील, नळीतून श्वास घ्यायला लावतील. म्हणजे ज्या धडधडीला, चक्करेला तुम्ही घाबरता ती आपल्या हाताने निर्माण करायची आणि ती येऊन निघून जाते हे पाहायचे. तुमची ट्रेडमिलची तपासणी नॉर्मल असल्यामुळे तुम्हाला यात अडचण नसावी, तरी डॉक्टरांना विचारून घ्या. माझ्याकडे येणाऱ्यांना मी पुढे पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला सांगते. वर पोहोचल्यावर छाती भात्यासारखी चालते, घाम निथळतो, पाय लटपटतात. बोगद्यात झाले ते जवळजवळ सगळे. फरक एवढाच की इथे त्याचा अर्थ ‘चढ होता’ असा लागतो.

त्यानंतर टाळलेल्या जागांकडे परतणे. तेही एकदम नव्हे. तुमच्यासाठी मी काढलेली पायरी अशी असेल. पहिले काही दिवस नाशिकरोड स्थानकाच्या फलाटावर बाकावर जाऊन बसायचे, गाड्या येता-जाता पाहायच्या, भीती चढेल, उठून निघून जावेसे वाटेल, तरी ती आपोआप उतरेपर्यंत बसून राहायचे. मग जिला देवळालीला थांबा असेल अशा गाडीने देवळालीपर्यंत जाऊन परत यायचे. ते सवयीचे झाले की घोटी, मग इगतपुरी. खरा घाट तिथून पुढे सुरू होतो, म्हणून इगतपुरी ते कसारा ही स्वतंत्र पायरी धरायची: आधी पत्नीसोबत, नंतर त्या शेजारच्या डब्यात, नंतर एकट्याने. शेवटी बाटली, गोळी आणि घड्याळ घरी ठेवून. प्रत्येक पायरी एकदा करून भागत नाही, भीती कंटाळवाणी होईपर्यंत ती पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि आठवड्यातून चार-पाच वेळा केली तर लवकर गुण येतो. मधेच एखाद्या दिवशी जोराचा अटॅक येईल. तो आला म्हणजे सारे पाण्यात गेले असे नाही, त्या दिवशी उतरून पळालात तर मात्र दुसऱ्याच दिवशी त्याच पायरीवर परत जायचे.

श्वासाबद्दल दोन शब्द. नाकाने सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर, म्हणजे मनात ४ मोजेपर्यंत आत आणि ६ मोजेपर्यंत बाहेर, हे उपयोगाचे आहे, पण ते रोज शांत वेळी शिकावे. अटॅक आल्यावर ‘हे केले नाही तर मरेन’ अशा भावनेने केले, तर तीही आणखी एक बाटलीच होते. तोंडावर कागदी पिशवी धरण्याचा सिनेमातला उपाय करू नये.

आता गोळ्या. यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे त्यांची सर्रास गल्लत होते. मित्राने दिलेली अल्प्राझोलाम ही बेंझोडायझेपीन गटातली गोळी. तिने अर्ध्या तासात बरे वाटते आणि तोच तिचा दोष आहे: सवय लागते, मात्रा वाढवावी लागते, झोप आणि स्मरण यांवर परिणाम होतो, दारूसोबत ती जिवावर बेतू शकते. म्हणूनच ती औषध नियमांतल्या अनुसूची एच-१ मध्ये आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाही आणि विक्रीची नोंद दुकानदाराने ३ वर्षे जपून ठेवायची असते. ३ महिने रोज घेतलेली ही गोळी आज रात्रीपासून एकदम बंद मात्र करू नका. तसे केल्यास धडधड आणि निद्रानाश दुपटीने उसळतात, क्वचित फिटही येऊ शकते. मानसोपचारतज्ज्ञांना खरे सांगा, ते ती टप्प्याटप्प्याने उतरवून देतील. लाजण्याचे कारण नाही, हे त्यांच्या रोजच्या ऐकण्यातले आहे.

दुसरा गट म्हणजे सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम यांसारखी, नैराश्यावर आणि चिंताविकारांवरही दिली जाणारी औषधे. यांना नशा नाही आणि लगेचचा आरामही नाही. गुण दिसायला २ ते ४ आठवडे, पुरता यायला त्याहून अधिक लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थता उलट थोडी वाढते, म्हणून डॉक्टर लहान मात्रेपासून सुरुवात करतात. नेमक्या याच आठवड्यात ‘औषध बाधले’ म्हणून ते सोडणारे खूप. लैंगिक इच्छेवर परिणाम होऊ शकतो, तो झाला तर संकोच न करता सांगावा, मात्रा किंवा औषध बदलता येते. बरे वाटू लागल्यावरही ६ महिने ते वर्षभर औषध चालू ठेवून मग हळूहळू कमी करण्याची रीत आहे. म्हणजे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर, बहुतेकांच्या बाबतीत, नाही असे आहे. थेरपी आणि औषध यांपैकी काय, की दोन्ही, हे तपासणीनंतर ठरेल. माझे मत विचाराल तर तुमचे टाळणे इतके पसरले आहे की थेरपी चुकवून केवळ गोळ्यांवर राहू नये.

एक गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरती लिहिली आहे, पण मी तिथे थांबले. वडिलांना रिक्षातून नेताना त्यांचे डोके तुमच्या मांडीवर होते. ते दृश्य नकोसे असताना, आत्ताच घडते आहे असे डोळ्यांपुढे येते का? स्वप्नात येते का? तो रस्ता तुम्ही टाळता का? जरा आवाज झाला की दचकता का? आघातानंतर ३ दिवसांपासून महिन्यापर्यंत असे होत असेल तर त्याला तीव्र ताण-प्रतिक्रिया म्हणतात, महिन्यानंतरही चालूच राहिले तर आघातोत्तर ताणविकाराचा, म्हणजे पीटीएसडीचा विचार करावा लागतो. त्याची थेरपी वेगळ्या वळणाची असते, त्या आठवणीवरच काम करावे लागते. हे तुम्ही स्वतः पहिल्याच भेटीत सांगा, कारण धडधडीच्या गोंधळात ते विचारायचे राहून जाते. तसे नसेल, नुसतीच आठवण येऊन डोळे भरून येत असतील, तर ते दुःख आहे. दुःखावर औषध नसते आणि असूही नये.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी थोडे विषयांतर करते. प्रत्येकाची चिंता अशी लाटेसारखी येत नाही. काहींना मुलांची फी, द्राक्षबागेवरचे अवकाळी ढग, साहेबांचा मेल, अशा प्रत्येक गोष्टीचा घोर सतत लागलेला असतो. मान-खांदे आखडलेले, झोप तुटक, चिडचिड, कशात लक्ष नाही. हे ६ महिने, बहुतेक दिवस चालले आणि मनाने आवरत नसेल तर तो सर्वसाधारण चिंताविकार असू शकतो. बदली, घटस्फोट, कर्ज अशा एखाद्या ठरावीक प्रसंगानंतर ३ महिन्यांच्या आत मन असे कोलमडले, की कामधंदाच ठप्प झाला, तर त्याला समायोजनाचा विकार म्हणतात, तो प्रसंग सरल्यावर बहुधा ६ महिन्यांत निवळतो. काळजी आणि विकार यांतली सीमा मी एका प्रश्नाने ओळखते: काळजीमुळे तुम्ही काही करता, की काही करायचे सोडून देता?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्ये होती, त्यांत महाराष्ट्र नव्हता, परंतु चिंता आणि नैराश्य यांसारख्या सामान्य विकारांच्या १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ उपचारांविना राहतात हा त्यातला निष्कर्ष आपल्याकडे वेगळा असेल असे मानायला मला तरी आधार दिसत नाही.

जायचे कुठे? आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे, म्हणजे एमडी झालेल्या डॉक्टरांकडे, कारण तुमच्या बाबतीत गोळी उतरवायची आहे. ते थेरपीसाठी चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांकडे पाठवतील. खर्चाची अडचण असेल तर नाशिकच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. रात्री-अपरात्री फार असह्य झाले, किंवा जगणे नको असे विचार आले, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करावा. ती २४ तास, विनामूल्य आणि मराठीतही चालते. कंपनीला कळेल ही तुमची चिंता मला समजते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय राहणे हा रुग्णाचा हक्क आहे. मात्र पुढच्या महिन्याची हजेरी हा तुमचा प्रश्न पाहता, डॉक्टरांचे पत्र देऊन सुरुवातीचे ६ ते ८ आठवडे सवलत मागावी असे मी सुचवीन. ते मागणे तुमच्या मर्जीवर आहे, आणि पत्रात निदान किती उघड करायचे हेही.

आईंनी दृष्ट काढली, त्यावर चिडू नका. मिरच्या ओवाळून कोणाचे हृदय बिघडत नाही, आणि मुलगा वाळत चाललेला पाहून त्यांच्या हातात तेवढेच होते. त्यांना एका भेटीला सोबत न्या.

आणि सौभाग्यवतींना माझा एक निरोप. देवळालीच्या पायरीपासून त्यांनी गाडी सुटल्यावर फोन करणे थांबवावे. पोहोचल्यावर तुम्ही करा, एकदाच. पुढे घाटात तसे करायचेच आहे, कारण तिथल्या बोगद्यांत रेंज जाते.